ज्यांना उठून जाता येत नाही

सोलापुरातल्या एका वृद्धाश्रमाच्या विश्वस्त मंडळावर असलेल्या माझ्या एका परिचितांनी मध्यंतरी मला एक सरळ प्रश्न विचारला. त्यांच्या संस्थेत निरनिराळ्या मंडळांचे लोक येतात. कुणी वाढदिवसाचे जेवण घालतात, कुणी भजन करतात, कुणी थंडीत ब्लँकेटे वाटतात. आमच्या ख्रिस्ती मंडळीचीही काही माणसे दर शनिवारी दुपारी तिथे जातात, गीते म्हणतात, गप्पा मारतात आणि कुणी सांगितले तर प्रार्थना करतात. धर्माचे पुस्तक हातात घेऊन येणाऱ्या कोणालाही आत घेऊ नये, असा आक्षेप एका विश्वस्तांनी बैठकीत घेतला होता. “तुम्ही स्वतः इथे येता, तेव्हा तुम्हीच प्रामाणिकपणे सांगा, आम्ही काय ठरवावे?” असे परिचितांनी विचारले. त्या दिवशी मी जे उत्तर दिले ते तोकडे होते, कारण मी आमची बाजू मांडत बसलो आणि आक्षेप घेणाऱ्याच्या म्हणण्यातला खरा भाग मी ऐकूनच घेतला नाही.

आज माझे मत असे आहे की, आम्हाला आत घ्यावे. परंतु आम्ही आजवर स्वतःला घातलेल्या अटींपेक्षा कितीतरी कडक अटींवर घ्यावे. या अटींचे कारण आमचा धर्म हे नाही. ज्याच्याशी आम्ही बोलायला जातो त्याला उठून जाता येत नाही, हे त्यांचे कारण आहे. रस्त्यावर कुणी पत्रक हातात दिले तर माणूस ते न घेता पुढे जातो, सभेत भाषण आवडले नाही तर मधूनच उठतो, घरी कुणी आले तर दार लावून घेऊ शकतो. ज्याची कंबर मोडली आहे, ज्याला लघवीलाही मावशींनी हात धरून न्यावे लागते, त्याच्या खाटेशी खुर्ची ओढून बसणाऱ्याला बोलण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. तो मागून घ्यावा लागतो आणि दर वेळी नव्याने मागावा लागतो.

आधी गरज किती खरी आहे ते सांगितले पाहिजे. २०११च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांची संख्या देशात सुमारे १० कोटी ३८ लाख होती आणि त्यानंतर ती वाढतच गेली आहे. सोलापुरात हा प्रश्न आकड्यांपेक्षा गल्ल्यांमधून अधिक दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभी राहिलेली जुनी गिरणी बंद पडली, पुढे इतर गिरण्याही एकामागून एक थंडावल्या, यंत्रमागांवरची कमाई बेभरवशाची झाली आणि शिकलेली मुले पुण्याला किंवा हैदराबादला निघून गेली. ही मुले वाईट आहेत असे मी म्हणणार नाही. त्यांच्यातले अनेकजण दर महिन्याला न चुकता पैसे पाठवतात. परंतु पैसे पोहोचतात आणि माणूस पोहोचत नाही, अशी स्थिती हजारो घरांची आहे आणि वृद्धाश्रम हे त्या स्थितीचे केवळ शेवटचे टोक आहे.

कायदा या बाबतीत कुठवर येतो हेही पाहण्यासारखे आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थासाठीचा २००७चा कायदा मुलांकडून निर्वाहखर्च मागण्याचा हक्क देतो, वृद्धाला टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद करतो आणि राज्य सरकारने प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असे निवासस्थान उभारावे, असे सुचवतो. या सर्व तरतुदी आवश्यकच आहेत. मात्र छप्पर, जेवण आणि औषध मिळाल्यावर दुपारी चारच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंतचे तीन तास कसे जावेत, याचे उत्तर कोणत्याही कलमात असू शकत नाही. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात १९९१ साली बिल थॉमस नावाच्या डॉक्टरांनी एका नर्सिंग होमची जबाबदारी घेतल्यावर असे सांगितले की, तिथल्या माणसांना तीन गोष्टी मारतात: एकटेपणा, असहायता आणि कंटाळा. त्यांनी तिथे झाडे, पक्षी, मांजरे आणि मुले आणली. त्यांच्या या तीन शब्दांतल्या मधल्या शब्दाकडे मी पुढे पुन्हा येणार आहे, कारण आमच्यासारख्या सेवा करणाऱ्यांचे सर्वांत जास्त दुर्लक्ष त्याच शब्दाकडे होते.

आम्ही ख्रिस्ती लोक तिथे का जातो, याचे कारण लपवण्याचे काही प्रयोजन नाही. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी विचारल्या जाणाऱ्या गोष्टी सांगितल्या आहेत, त्यांत आजाऱ्याच्या समाचाराला जाणे ही एक आहे. ‘समाचार’ हा मराठी शब्द मला फार नेमका वाटतो. समाचाराला जाणारा माणूस उपदेश करायला जात नाही. कसे आहे, काय हवे-नको, हे विचारायला जातो. याकोबाच्या पत्रात तर अनाथांचा आणि विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घेणे यालाच शुद्ध धर्माचरण म्हटले आहे. फ्रान्समध्ये १८३९ साली जान ज्यूगाँ या मोलमजुरी करणाऱ्या स्त्रीने एका अंध, लुळ्या वृद्धेला घरी आणून स्वतःचे अंथरूण दिले आणि आपण दुसरीकडे निजली. त्यातूनच पुढे गरीब वृद्धांची सेवा करणाऱ्या भगिनींचा संघ उभा राहिला, १८८२ साली तो कलकत्त्याला आला आणि पुण्यातही त्याचे काम आहे. अमेरिकेत रविवारी दुपारी नर्सिंग होमच्या दिवाणखान्यात चाकाच्या खुर्च्या गोल मांडून उपासना घेणे हे चर्चच्या स्वयंसेवकांचे अनेक पिढ्यांचे नित्याचे काम आहे. आम्ही शनिवारी करतो ते त्याच परंपरेतले आहे.

तरीही आक्षेप घेणाऱ्या विश्वस्तांना मी केवळ द्वेष्टे म्हणणार नाही. अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती धर्मप्रचारक संस्थेचे काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरात आले. शाळा, बालवर्ग, दवाखाने यांतून या शहराने त्यांच्याकडून पुष्कळ घेतले. पण त्याच काळात १८७६-७७चा दुष्काळ होता, पुढे शतकाच्या अखेरचे दुष्काळ होते, आणि धान्य देणारा हात व बाप्तिस्मा देणारा हात एकच असल्याचे लोकांनी पाहिले. दुष्काळातले ख्रिस्ती, भाकरीचे ख्रिस्ती, असे शब्द आमच्या आजोबा-पणजोबांनी ऐकले आहेत. त्यांतल्या अनेकांचा विश्वास भाकरीपेक्षा कितीतरी खोल होता आणि पुढल्या पिढ्यांनी तो जगून दाखवला, हे खरे आहे. परंतु भुकेल्या माणसाने दिलेल्या होकाराविषयी शंका घेणारा माणूस मूर्ख नसतो, हेही तितकेच खरे आहे. वृद्धाश्रमात भाकरीची भूक नसली तरी माणसाची भूक असते आणि ती भूकही होकार काढून घेऊ शकते.

राज्यघटनेचे २५वे कलम धर्म आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देते. प्रसाराच्या या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केले. मध्य प्रदेश आणि ओडिशा या राज्यांचे धर्मांतराविषयीचे कायदे तेव्हा न्यायालयापुढे होते. आमच्या मंडळीतले काहीजण २५व्या कलमावर बोट ठेवतात आणि आक्षेप घेणारे त्या निकालावर ठेवतात. मला वाटते, खाटेवरच्या माणसाच्या बाबतीत दोघेही चुकीच्या पानावर बोट ठेवत आहेत. माझा हक्क कुठवर जातो याच्या आधी, त्याला नको म्हणता येते का, हे पाहिले पाहिजे. अमेरिकेत १९८७ साली नर्सिंग होमसंबंधी जो कायदा झाला, त्यातून तिथल्या रहिवाशाला दोन्ही बाजूंचे संरक्षण मिळाले: धार्मिक कार्यक्रमांत भाग घेण्याचा आणि आपल्या पसंतीच्या माणसांना भेटण्याचा हक्क, आणि त्याचबरोबर कोणत्याही पाहुण्याला भेट नाकारण्याचा, एकदा दिलेली परवानगी हवी तेव्हा मागे घेण्याचा हक्क. आपल्याकडच्या २००७च्या कायद्यात असे काही नाही. जोवर ते नाही, तोवर ते नियम संस्थेने आणि आम्ही मिळून घालून घेतले पाहिजेत.

वृद्धाश्रमात होकार किती स्वस्त असतो, हे मला एका आजींनी शिकवले. सुरुवातीचे दोन-तीन महिने त्या माझ्या सर्वांत लाडक्या होत्या, कारण त्या कशालाही नाही म्हणत नसत. गाणे म्हणू का, तर मान हलवत; प्रार्थना करू का, तर मान हलवत; जवळ बसू का, तर हसून मान हलवत. एका शनिवारी मी त्यांना सहज विचारले की, आजी, जेवण झाले का? त्या हसल्या आणि त्यांनी मान हलवली. मग मी विचारले, अजून जेवायचे राहिले आहे का? तरीही तितक्याच प्रेमाने मान हलली. आजींना जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते. ही सगळी माणसे आपल्याशी चांगली वागत राहावीत म्हणून त्यांनी प्रत्येक प्रश्नाला एकच सुरक्षित उत्तर ठरवून टाकले होते. मी तीन महिने ज्याला श्रद्धा समजत होतो ते भय होते, किंवा निदान सावधपणा होता. त्यानंतर आम्ही पाटी आणि खडू घेऊन जाऊ लागलो. आजी चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या आणि मोठ्या अक्षरांत लिहिलेले त्यांना वाचता येत होते. पाटीवर पहिल्यांदा दोन चौकोन काढून एकात ‘हो’ आणि दुसऱ्यात ‘नको’ लिहिले, तेव्हा त्यांनी बराच वेळ विचार करून पुन्हा ‘हो’वरच बोट ठेवले होते.

याहून मोठी चूक आम्ही एका नाताळात केली. मंडळीतले चाळीसजण दोन स्पीकर, केक आणि लाल टोप्या घेऊन गेलो. कार्यक्रम पाऊण तास चालला, फोटो भरपूर निघाले. एका आजींच्या डोक्यावर कुणीतरी न विचारता टोपी ठेवली. त्यांनी ती काढली, मांडीवर ठेवून नीट घडी घातली आणि ज्याने घातली त्याच्याच हातात परत दिली. कोपऱ्यातल्या खाटेवरच्या आजोबांनी आवाज सुरू होताच जाडजूड सोलापुरी चादर डोक्यावरून ओढून घेतली, ती आम्ही निघेपर्यंत खाली घेतली नाही. त्या पाऊण तासात त्यांना करता येण्यासारखी निषेधाची कृती तेवढी एकच होती. दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू देऊ नये, अशी ज्याची शिकवण, त्याच्या जन्मदिनी आम्ही परक्या म्हाताऱ्या माणसांचे चेहरे मोबाइलवर पाठवत होतो. तेव्हापासून आमच्या भेटीत कॅमेरा नाही. माझ्या मते कोणत्याही संस्थेने कोणत्याही धर्माच्या किंवा पक्षाच्या पाहुण्यांना तो नेऊ देऊ नये.

सोलापूरसारख्या शहरात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, ती भाषेची. इथल्या वृद्धाश्रमात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी एकाच व्हरांड्यात ऐकू येतात. स्मृतिभ्रंशाच्या आजारात नंतर शिकलेली भाषा आधी जाते आणि लहानपणची मागे उरते, असे बऱ्याचदा घडते. आमच्या भेटीतल्या एका अक्कांचे तसेच झाले होते. त्यांचे सारे आयुष्य विड्या वळण्यात गेले, मराठी त्यांना उत्तम येत असे, असे त्यांना ओळखणारे सांगत. आता त्या मराठीला प्रतिसाद देत नसत. त्यांची बोटे मात्र दिवसभर पांघरुणाचा काठ वळत असत: अंगठ्याने दाबायचे, गुंडाळायचे, टोक आत दुमडायचे आणि न दिसणारी विडी बाजूला ठेवायची. आम्ही त्यांच्यापुढे ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची मराठी भजने म्हणत होतो, कारण आम्हाला ती येत होती. मग आमच्यातली एक तेलुगू बोलणारी मुलगी त्यांच्याशेजारी बसली आणि गाणेबिणे काही न म्हणता, त्यांनी बाजूला ठेवलेली एकेक विडी मोजू लागली: ओकटी, रेंडु, मूडु. अक्कांनी वर पाहिले आणि चौथा आकडा स्वतः म्हटला. त्या दिवशी प्रार्थना झाली नाही, येशूचे नाव निघाले नाही, आणि तरीही आमच्या साऱ्या भेटींत ती एक भेट मला शुभवर्तमानाच्या सर्वांत जवळची वाटते. देव माणसाच्या भाषेत माणसाकडे आला, ही आमची मूळ श्रद्धा आहे. तसे असेल तर तेलुगू बोलणाऱ्या अक्कांनी आमच्या मराठीकडे यावे, अशी अपेक्षा आम्ही का करावी?

इथे आमच्याच मंडळीतून येणाऱ्या आक्षेपाचा विचार करायला हवा, कारण तो बाहेरच्या आक्षेपापेक्षा मला जड जातो. पंढरपूरकडच्या एका आजींचा चष्मा फुटला आणि नवा येईपर्यंत त्यांनी मला रोज संध्याकाळचा हरिपाठ वाचून दाखवायला सांगितले. मी जमेल त्या दिवशी गेलो आणि वाचला. आमच्या एका ज्येष्ठांना हे रुचले नाही; ख्रिस्ती स्वयंसेवकाने दुसऱ्या धर्माची उपासना चालवावी का, असे त्यांनी मला विचारले. त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. मी त्यांना बार्तीमयाची गोष्ट आठवून दिली. यरीहोच्या वाटेवर बसलेला तो आंधळा ओरडत होता, त्याला काय हवे ते उघड दिसत होते, तरी येशूने त्याला आधी विचारले की, मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे. ज्याच्याजवळ बरे करण्याची शक्ती होती त्याने विचारले, मग आम्ही न विचारता कसे देणार? आजींनी मला त्यांच्या विठ्ठलाची पूजा करायला सांगितली नव्हती. डोळे मागितले होते. आणि ज्यांची भजने आम्ही दर रविवारी म्हणतो ते टिळक तर आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या चरणांशी आलो असे सांगत. ज्येष्ठांचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही. पण वाचायचे थांबव, असे त्यांनी मला सांगितले नाही.

याच न्यायाने, वृद्धाश्रमातून धर्म पूर्णपणे बाहेर ठेवावा, हे मतही मला मान्य नाही. ऐंशीच्या पुढची माणसे मरणाचा विचार करतात आणि त्याविषयी बोलायला त्यांना कुणीतरी हवे असते. चर्चच्या बाकावर साठ वर्षे बसलेल्या आणि आता पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून वर्षानुवर्षे प्रभुभोजनाला मुकलेल्या माणसाला, इथे धर्म चालत नाही, असे सांगणे ही निधर्मिता नव्हे, ती त्याच्याकडे उरलेल्या शेवटच्या मालमत्तेवरची जप्ती आहे. वारकरी आजीला एकादशी पाळता आली पाहिजे, मुसलमान चाचांना रमजानमध्ये पहाटे कुणी उठवले पाहिजे आणि ख्रिस्ती आजोबांकडे पाळकसाहेबांना जाता आले पाहिजे. हे सारे मागणाऱ्याच्या मागण्याने व्हावे, येणाऱ्याच्या उत्साहाने नव्हे. माझी अट तेवढीच आहे.

आता असहायतेविषयी. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशू आपल्या शिष्याला, पेत्राला म्हणतो की, तरुणपणी तू स्वतः कंबर बांधून हवे तिथे जात होतास, पण म्हातारा झाल्यावर दुसरा कुणी तुझी कंबर बांधील आणि तुझी इच्छा नाही तिथे तुला नेईल. ते पेत्राच्या मरणाविषयी आहे हे मला ठाऊक आहे. तरी वृद्धाश्रमात ते वाचताना दुसरे काही मनात येत नाही. सतत घेत राहावे लागणे ही मोठी वेदना आहे आणि केळी-बिस्किटे घेऊन येणारा प्रत्येक पाहुणा नकळत ती वाढवतो. आमच्याकडे जुन्या गिरणीत काम केलेले एक आजोबा आहेत. त्यांच्यासाठी आम्ही काय आणावे हे आम्ही पुष्कळ दिवस विचारत होतो, ते काही सांगत नव्हते. मग आमच्यातल्या एका महाविद्यालयीन मुलाने त्यांना तुटलेला धागा दोन बोटांत कसा सांधतात ते दाखवायला सांगितले, आणि तो त्याला येईना. आजोबांनी त्याला तीन शनिवार शिकवले, चुकला की रागावले, चौथ्या शनिवारी तो आला नाही तेव्हा त्यांनी त्याची चौकशी केली. ज्याला कुणाची तरी चौकशी करता येते तो अजून पूर्ण असहाय झालेला नसतो. आम्ही आता त्यांच्यासाठी प्रार्थना करण्यापेक्षा आमच्या घरच्या अडचणी त्यांना अधिक सांगतो. आणि ज्यांना प्रार्थना करायची असते ते आपापल्या देवाजवळ आमच्यासाठी ती करतात.

परिचितांनी अखेर माझ्याकडून लेखी सूचना मागवल्या. एका वेळी चौघांपेक्षा जास्त माणसे नसावीत; त्याच माणसांनी निदान सहा महिने यावे, कारण दर खेपेला नवा चेहरा हा नवा परकेपणा असतो; कोणी पैसे, वस्तू, सही किंवा अंगठा घेऊ नये व देणगीचा विषय रहिवाशांपुढे काढू नये; धर्म बदलण्याची गोष्ट कुणी स्वतःहून काढली तरी स्वयंसेवकाने ती पुढे न नेता संस्थेला व घरच्यांना कळवावी. हे सगळे नियम भजनी मंडळालाही लागू असावेत आणि आम्हालाही. यावर फारसा वाद झाला नाही. वाद झाला तो भेटीच्या वहीवरून. कुणाला भेटलो, किती वेळ बसलो, या रकान्यांबरोबर ‘आज भेट कुणी नाकारली’ असा एक रकाना असावा असे मी सुचवले होते. आमच्याच काही सोबत्यांना त्यात आमचा अपमान वाटला. मी म्हटले की, तो रकाना रिकामा राहिला तर आपण फार प्रिय आहोत असा त्याचा अर्थ होत नाही, लोकांना नाही म्हणण्याची भीती वाटते असाही तो असू शकतो.

पहिले दोन महिने तो रकाना कोरा होता. तिसऱ्या महिन्यात चादर ओढून घेणाऱ्या आजोबांनी, आज नको, असे तोंडाने सांगितले आणि आम्ही नमस्कार करून पुढच्या खाटेकडे गेलो. ती पहिली नोंद. गेल्या महिन्यात तिथे सात नोंदी झाल्या. त्यांतल्या दोन त्या ऐकू न येणाऱ्या आजींच्या आहेत. त्यांनी पाटीवरच्या ‘नको’वर बोट ठेवले, ते पुसले जाऊ नये म्हणून पाटी स्वतःजवळ ठेवून घेतली आणि कूस बदलून झोपल्या.